मृत्यूच्या नोंदीची प्रमाणित प्रत: ‘आहे’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा, पण लेखी द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: स्थानिक कार्यालयांतील जुन्या मृत्यू-नोंदींच्या प्रमाणित प्रती मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी पुण्यात राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला एक नागरिक आहे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझ्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचे काम होते आणि ‘आधी मृत्यूचा दाखला आणा, मग बघू’ हे वाक्य मी किती विधवांना, किती मुलांना ऐकवले असेल, याचा हिशेब माझ्याजवळ नाही. तो दाखला आणायला माणसाला कोठे कोठे जावे लागते, हे मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिल्यावर कळले. हे पत्र लिहिताना ती टोचणी मनात आहे, हे आधीच सांगतो.

माझे काम साधे आहे. पुणे जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी एका जमिनीच्या सातबाऱ्यावर माझ्या चुलत आजोबांचे नाव अजूनही तसेच आहे. त्यांना मूलबाळ नव्हते, पत्नी आधीच वारली होती. वारसाची नोंद करायची तर मृत्यूचा पुरावा हवा, ही मागणी रास्त आहे. अडचण अशी, की ते आषाढ वद्य नवमीला गेले हे घरात सर्वांना ठाऊक आहे, कारण त्या तिथीला आमच्याकडे श्राद्ध होत असे. मात्र वर्ष कोणालाच नक्की आठवत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्याच्या पुढच्या वर्षीच्या आषाढात ते गेले असे काका म्हणतात आणि त्याच्याही पुढच्या वर्षी असे आत्या म्हणते. (आमच्या पिढीच्या पुणेकरांची कालगणना बरीचशी त्या पुरापासूनच चालते. घरातले जुने कागदही त्याच पुरात गेले, हे ओघाने आलेच.)

एका वर्षाने काय बिघडते, असे वाटेल. बिघडते. माझे सख्खे आजोबा, म्हणजे त्यांचे भाऊ, डिसेंबर 1962 मध्ये पुण्यात वारले. त्यांचा दाखला मला एका हेलपाट्यात मिळाला. चुलत आजोबा 1962 च्या आषाढात गेले असतील, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार त्यांची जमीन त्यांच्या हयात भावाला आणि बहिणीला मिळून जाते. ते 1963 मध्ये गेले असतील, तर भाऊ आधीच गेलेला असल्यामुळे ती सगळी बहिणीकडे, म्हणजे आज माझ्या आत्या-आजीच्या नातवंडांच्या घरी जाते आणि आमचा तिच्यावर काही हक्क उरत नाही. दोन घरांत यावरून अजून वाद नाही. तो होऊ नये म्हणूनच मला ती एक ओळ पाहायची आहे, मग ती आमच्या विरुद्ध का असेना.

गावाचे आणि कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणा एका कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार करायची नाही. त्या कार्यालयात मी पाच वेळा गेलो. पहिल्या वेळी मला सांगण्यात आले, की मृत्यूची तारीख सांगा म्हणजे नोंद शोधून देतो. आणि मी तर तारीख शोधण्यासाठीच गेलो होतो. दुसऱ्या वेळी मी जुनी पंचांगे काढून त्या तिथीच्या दोन्ही वर्षांच्या तारखा लिहून नेल्या, तेव्हा रजिस्टर जीर्ण झाले आहे, हात लावला तर तुकडे पडतील, असे उत्तर आले. पुढे ते दप्तर तालुक्याला गेल्याचे कळले. तालुक्याला ते आलेच नसल्याचे कळले. चौथ्या वेळी, मृत्यूचे कारण गोपनीय असल्यामुळे नोंदवहीची प्रत कोणालाच देता येत नाही, असा एक नवा मुद्दा पुढे आला. पाचव्या वेळी ‘त्यापेक्षा उशिराची नोंद करून घ्या’ असा मनापासून दिलेला सल्ला मिळाला. या पाचही उत्तरांतले एकही उत्तर कोणी कागदावर लिहून दिले नाही. माझा अर्ज ठेवून घेतला, पण त्याची पोच दिली नाही.

महोदय, या प्रत्येक उत्तराला कायद्यात जागा आहे का, हे मी वाचून पाहिले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 प्रमाणे कोणतीही व्यक्ती नियमांत ठरवलेले शुल्क भरून नोंदवहीत एखाद्या नोंदीचा शोध घ्यायला लावू शकते. ‘शोध’ हा शब्द तेथे आहे, याचा अर्थच असा की मागणाऱ्याला सगळे ठाऊक असणे अपेक्षित नाही. मृत्यूच्या कारणाविषयी त्याच कलमात परंतुक आहे, हे खरे; पण ते एवढेच सांगते की जो कागद द्याल त्यात मृत्यूचे कारण उघड करू नका. म्हणजे तो एक रकाना झाकायचा आहे. त्याच्या नावाखाली सगळे पान झाकायचे नाही. आणि या नोंदवह्या कायमस्वरूपी महत्त्वाच्या अभिलेखांत मोडतात, त्या नष्ट करता येत नाहीत. मग ‘जीर्ण झाले’ हे उत्तर अर्जदाराला देण्याचे नसून वरिष्ठांना कळवण्याचे आहे.

उशिराच्या नोंदीचा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यासाठी मूळ नोंद नसल्याचे प्रमाणपत्र आधी लागते. समजा, मी प्रतिज्ञापत्रावर एक तारीख टाकून असा आदेश मिळवला आणि उद्या जुन्या रजिस्टरात दुसरी तारीख निघाली, तर एकाच माणसाचे दोन मृत्यू सरकारदरबारी नोंदले जातील आणि त्यांतला सोयीचा मृत्यू मी निवडलेला असेल. 2025 मध्ये राज्य सरकारने उशिराच्या नोंदींची छाननी कडक केली, ती योग्यच आहे. पण छाननी कडक करून मूळ नोंद शोधण्याची वाट मोकळी केली नाही, तर प्रामाणिक माणूस दोन्हीकडून अडतो.

जुने दप्तर शोधता येत नाही, हे तर आता म्हणताच येणार नाही. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा याच राज्यात कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना 14 मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, कपाटांतून बाहेर निघाल्या, मोडी वाचणारे बसवले गेले, पाने स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. त्या शोधामागच्या प्रश्नाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. सरकारने मनावर घेतले तर शंभर वर्षांपूर्वीचे पानही सापडते, एवढे त्यातून दिसले. मला साठहून थोड्या अधिक वर्षांपूर्वीच्या दोन वर्षांची पाने हवी आहेत. एका गावातले दोन वर्षांतले मृत्यू ते किती असणार?

नोंद नेमकी कोठे असेल, हा प्रश्न पुण्यासारख्या शहरात आणखी गुंतागुंतीचा होतो. मृत्यूची नोंद माणूस जेथे राहत होता तेथे होत नाही, जेथे मृत्यू झाला तेथे होते; त्यामुळे खेड्यातला माणूस ससून रुग्णालयात वारला तर त्याची नोंद गावात शोधून सापडणार नाही. पुणे, खडकी आणि देहूरोड या कटक मंडळांचे (कॅन्टोन्मेंट बोर्डांचे) कारभार वेगळे राहिले आहेत. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महानगरपालिकेत आली, आणि त्या प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीचे एक दप्तर होते. शिवाय ग्रामपंचायत ग्रामविकास खात्याची, महापालिका नगरविकास खात्याची, कोतवाल बुक महसूल खात्याचे आणि जन्म-मृत्यूचे मुख्य निबंधक आपल्या खात्याचे. हे पत्र मी आपल्याला लिहितो आहे ते याच कारणाने, की नोंदणीची अंतिम जबाबदारी आपल्या खात्याकडे येते.

माझी मागणी फार मोठी नाही. मृत्यूची नोंद मागणारा प्रत्येक अर्ज, त्यात नेमकी तारीख नसली आणि केवळ वर्षांची मर्यादा दिलेली असली तरी, स्वीकारून त्याची पोच द्यावी, असे लेखी निर्देश आपण मुख्य निबंधकांमार्फत सर्व निबंधकांना द्यावेत. मृत्यूचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खालील अधिसूचित सेवा आहे आणि त्या अधिनियमाप्रमाणे नकारही कारणासह लेखीच द्यावा लागतो. तेव्हा ठरलेल्या मुदतीत एकतर प्रत किंवा नोंद आढळत नसल्याचे प्रमाणपत्र, यांपैकी एक कागद अर्जदाराच्या हाती पडलाच पाहिजे. नोंद सापडल्यास संगणकावर नव्याने टाइप केलेल्या दाखल्यासोबत, कारणाचा रकाना झाकून, मूळ पानाची प्रमाणित छायाप्रतही मागेल त्याला मिळावी, कारण टाइप करताना ‘सखाराम’चा ‘सखराम’ झाला की पुढची दोन वर्षे दुरुस्तीत जातात. आणि कोणत्या गावाची कोणत्या वर्षांची रजिस्टरे आज कोणत्या कार्यालयात आहेत, कोणती गहाळ आहेत, याची यादी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी फलकावर लावावी. या एका यादीने माझे पाचांपैकी निदान तीन हेलपाटे वाचले असते.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा, असे मला अनेकांनी सुचवले आहे. तो मी करीनही. पण जी गोष्ट 1969 चा कायदा सरळ शुल्क भरून देतो, तिच्यासाठी 2005 च्या कायद्याचा आधार घ्यावा लागणे मला पटत नाही.

माझ्या मूळ अर्जाची प्रत, गावाच्या व कार्यालयाच्या नावासह, आपल्या कार्यालयाकडे टपालाने स्वतंत्रपणे पाठवत आहे. शोधायची वर्षे 1962 आणि 1963, महिना आषाढ. नोंद कोणत्याही वर्षात निघाली तरी तिची एक प्रत मी आत्या-आजीच्या नातवंडांना नेऊन देणार आहे, हे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे