बाबा, रात्री होडी बघायला उठू नका

पुणे, ४ जून

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

काल आई सहज बोलून गेली, "हे आता पडवीतच निजतात, तिथून होडी दिसते म्हणून." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय.

बाबा, होडीच्या इंजिनाची पेट्रोलची टाकी आणि नळी चोरीला गेली हे मला आठ दिवसांनी कळलं. टाकीचं काही वाटलं नाही. पण एकाहत्तराव्या वर्षी तुम्ही पावसात, शेवाळलेल्या चिऱ्यांवरून बॅटरी घेऊन उतरता, ते ऐकून पोटात गोळा आला.

"आमच्या वाडीत होडी कोण चोरतलो?" असं तुम्ही म्हणता. माझ्या लहानपणी ते खरंच होतं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर लाकडी होडी वर घ्यायची तर खाली ओंडके टाकून वीस माणसं ओढायची, मग माडाच्या झापांनी शाकारायची. जिला अख्खी वाडी लागते ती रात्रीत कोण नेणार? आता फायबरची होडी ट्रेलरवर आहे. ट्रेलरने तुमची कंबर वाचवली, तसे चोराचेही कष्ट वाचवले. जीपला अडकवला की निघाला. शिवाय ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे होडी जागची हलणार नाही हे साऱ्या गावाला ठाऊक.

आधी इंजिन उतरवा, पण तुम्ही उचलू नका, शेजारच्या दोघा पोरांना बोलवा. गोड्या पाण्यावर थोडं चालवून, आतलं पेट्रोल संपवून मागच्या खोलीत उभं ठेवा. होडीला अडकवायच्या पकडीवर पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावरच्या नंबराचा फोटो मला पाठवा. नोंदणीच्या कागदांचाही पाठवा.

ट्रेलरचं तोंड घराच्या भिंतीकडे करून घ्या. एक चाक काढून घरात ठेवा आणि आस जाड लाकडावर टेकवा, नुसत्या मातीवर नको, पावसात खचेल. साखळी आसातून आणि ट्रेलरच्या सांगाड्यातून घेऊन माडाला बांधायची. पुढचा, होडी वर ओढायच्या विंचचा खांब नटबोल्टचा आहे, पान्याने सुटतो, त्याला बांधून उपयोग नाही. आणि ती नायलॉनची दोरी कोयत्याच्या एका घावात जाते.

कुलपाचं मीच बघते. दिवाळीत पडवीच्या कुलपात किल्ली माझ्या हातात मोडली होती, आठवतं? खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. पितळी आणेन. वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचा, महिन्याला तेल द्यायचं.

एवढं करूनही गेलीच, तर शोधत बसू नका, लगेच ११२ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ वर कळवा. २००८ च्या नोव्हेंबरात 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवूनच दहशतवादी मुंबईत आले होते. आपल्या नंबराची होडी कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही.

मी शनिवारी सकाळी कुडाळला उतरते. साखळी घेऊन येते. तोवर बाबा, आत निजा. काही वाजलं तर दिवा लावा, खिडकीतून हाक मारा, पण दार उघडू नका. होडी दुसरी घेता येईल.

आई, बॅटरी तुझ्या उशाशी ठेव, त्यांच्या हाती देऊ नकोस.

तुमची,
सुमी