आधी भिंग माझ्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

डेन्व्हरमधील तुमच्या घरून परतल्याला तीन आठवडे झाले, तरी त्या दुपारबद्दल लिहायला बसले की अजूनही डोळे भरून येतात, म्हणून या पत्राला उशीर झाला.

कोलोरॅडोच्या डोंगरांत 10,000 फुटांहून अधिक उंचीवर वसलेल्या लीडव्हिल या चांदीच्या खाणींच्या गावातील एका बँकेची 1882 च्या मालिकेतील ‘ब्राऊन बॅक’ नोट मी दोन वर्षांच्या बचतीतून घेतली होती. तपकिरी पाठीवर मधोमध निळसर हिरव्या रंगात छापलेला बँकेचा सनद क्रमांक (सरकारने बँकेला दिलेल्या परवान्याचा क्रमांक) आणि पुढच्या बाजूला अध्यक्ष व कॅशिअर यांच्या ठसठशीत काळ्या सह्या पाहून मी हरखून गेले होते. विकणाऱ्याने ती ‘मूळ अवस्थेतील’ असल्याचे सांगितले होते. पुढे शंका आली तेव्हा त्याने उत्तर देण्याचे टाळले, आणि ज्या दुसऱ्या जाणकारांकडे मी गेले त्यांनी नोट हातातही न घेता, ‘तुम्हा नवशिक्यांना यातले काय कळणार’, एवढेच ऐकवले. पैसे गेल्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागले.

तुम्ही मात्र हात धुऊन, पुसून आलात, नोट खिडकीच्या उजेडात ठेवलीत आणि भिंग स्वतःच्या डोळ्याला लावण्याआधी माझ्यापुढे धरलेत. “आधी तू बघ, मग मी बघतो,” असे तुम्ही म्हणालात. काका, तुमच्या साऱ्या मदतीत माझ्यासाठी सर्वांत मोठे ठरले ते हेच. निकाल तुम्हाला पहिल्याच नजरेत कळला असणार, तरीही तो माझ्या डोळ्यांना सापडेपर्यंत तुम्ही गप्प बसून राहिलात.

कॅशिअरच्या सहीची शाई जुन्या घडीच्या फाटलेल्या तंतूंत ओघळली होती. त्या काळी सरकारी छापखान्यातून आलेल्या नोटांवर बँकेचे अधिकारी सह्या करीत आणि मगच त्या व्यवहारात येत, त्यामुळे मूळ सही घडी पडण्याआधीची असायला हवी, हे मला त्या क्षणी उमगले. काळ्या रेघेखाली फिकट तपकिरी झालेली खरी सही कुठे कुठे दिसतही होती. कुणीतरी ती नव्या शाईने गिरवली होती. मग तुम्ही कंट्रोलर ऑफ द करन्सी, म्हणजे अमेरिकेतील अशा बँकांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, यांच्या जुन्या वार्षिक अहवालातील त्या बँकेचे पान उघडलेत, आणि गिरवणाऱ्याने आडनावातले एक अक्षरच चुकवल्याचे आपण दोघांनी पाहिले. महाराष्ट्रात बँकेच्या काउंटरवर नमुना सह्यांची कार्डे ताडून पाहण्यात घालवलेली तुमची तीस वर्षे त्या पानावर वाकली होती.

पुढे पैशांचे काय झाले, तो तपशील इथे नको.

मी रडवेली झाले तेव्हा सांत्वनाचे शब्द न शोधता तुम्ही त्या नोटेच्या काळाविषयी बोलू लागलात. अमेरिकेतील 1863 च्या कायद्यानंतर राष्ट्रीय बँकांना, म्हणजे केंद्र सरकारची सनद मिळालेल्या खाजगी बँकांना, स्वतःच्या नावाच्या नोटा काढण्यासाठी सरकारी रोखे वॉशिंग्टनला ठेवावे लागत आणि 1900 पर्यंत त्या रोख्यांच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के नोटा मिळत. म्हणून 1893 च्या मंदीत चांदीचे भाव कोसळून कोलोरॅडोतील बँकांची दारे बंद होऊ लागली, तेव्हा ठेवीदार हवालदिल झाले, पण ज्याच्या खिशात बुडालेल्या बँकेची नोट होती त्याचे पैसे सरकारकडे सुरक्षित राहिले. हे ऐकताना वाटले, की गिरवलेल्या सहीखालचा हा इतिहास कुणालाही खोडता आलेला नाही. ज्ञान असणारी माणसे पुष्कळ भेटतात, पण समोरच्याचा मान न दुखावता ते वाटणारी थोडीच असतात, आणि जुन्या वस्तूंच्या या जगात, जिथे अज्ञानावरच अनेकांचा धंदा चालतो, तिथे अशा माणसांमुळेच नवा संग्राहक टिकून राहतो.

निघताना तुम्ही पेन्सिलीने एक चिठ्ठी लिहून दिलीत: ‘कॅशिअरची सही नंतर गिरवलेली.’ मी ती नोटेच्या पाकिटातच ठेवली आहे. उद्या ही नोट ज्याच्या हाती जाईल, त्याने आधी तुमचे अक्षर वाचावे आणि मग किंमत ठरवावी.

तुमची कृतज्ञ,
लीडव्हिलची नोट घेऊन आलेली मुलगी