पवईची जलपर्णी: आधी नाले वळवा

महोदय,

पवई तलावात यंत्रे उतरली आणि जलपर्णी निघू लागली की हायसे वाटते. पण दुखणे वर नाही, पाण्यात आणि गाळात आहे. तलाव उथळ असला की ऊन तळापर्यंत पोहोचते, बुडीत पाणवनस्पती वाढतात, मुळांनी गाळ धरून ठेवतात आणि पाणी नितळ राहते. सांडपाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस आले की वर जलपर्णी पसरते, खाली अंधार होतो, बुडीत झाडोरा मरतो. मग ऑक्सिजन संपलेल्या गाळातून जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो.

अमेरिकेतील मिनेसोटाच्या गवताळ पट्ट्यात ख्रिस्तिना नावाचे असेच उथळ सरोवर आहे. तिथे १९६५, १९८७ आणि २००३ मध्ये गाळ ढवळणारे मासे औषधाने मारले. दरवेळी पाणी निवळले, वनस्पती आणि बदके परतली आणि काही वर्षांनी पाणी पुन्हा गढूळ झाले. मूळ कारण तसेच राहिले की असेच होते.

म्हणून आधी नाले. एप्रिल-मेमध्ये जो नाला वाहतो त्यात पावसाचे पाणी नसते. तो मलवाहिनीकडे वळवलाच पाहिजे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या निविदेत फॉस्फरसची मर्यादा स्पष्ट लिहावी, कारण नेहमीच्या प्रक्रियेत तो पुरेसा निघत नाही. काढलेल्या जलपर्णीचे ढीग काठावर ठेवू नयेत. कुजल्यावर त्यातली पोषकद्रव्ये पहिल्याच पावसात तलावात परततात. उबदार, खतावलेल्या पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्यामुळे यंत्र गेल्यावरही कोपऱ्यांतली रोपे दर पंधरवड्याला हाताने उपटावी लागतील.

मात्र सरसकट सफाई नको. पाणकणसाचे पट्टे पाणकोंबड्यांसाठी राखावेत आणि बुडीत वनस्पतींना हात लावू नये. मगरी कोरड्या महिन्यांत काठच्या मातीत अंडी घालतात, तेव्हा फेब्रुवारी ते जून काठावर यंत्रे नकोत, काँक्रीट तर कधीच नको. सायप्रिनस माशाची बोटुकली (लहान पिल्ले) सोडणेही थांबवावे. हा मासा तळ उकरून खातो.

नाल्यांच्या तोंडाशी फॉस्फरस किती आणि नितळपणा मोजायची पांढरी-काळी तबकडी पाण्यात किती खोलीपर्यंत दिसते, हे दोन आकडे महापालिकेने दरमहा जाहीर करावेत, ही विनंती.

– पाणथळींचे अभ्यासक, पवई, मुंबई