मनूस, पंख्याच्या गोष्टीबद्दल

प्रभादेवी, मुंबई
मंगळवार, रात्री

चि. मनू हीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर जे झालं त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. दादा गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि आईचा चिवडा पाठवतोय. चिवड्यात खोबरं कमी आहे, त्यावर काही बोलू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय तिला, पण पथ्य आपण सगळ्यांनी पाळायचं असं तिचं म्हणणं आहे.

तर वरळीच्या रेंजवर जाऊन आलीस. दादानं फोटो दाखवले. तीन रायफली चालवल्यास ना? आधी साधी एअर रायफल, मग ती मॅचची, गालाखालचा तुकडा वरखाली होणारी, आणि शेवटी झोपून पॉइंट टू-टू, खऱ्या गोळीची. पन्नास मीटरवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, पाच गोळ्यांत पन्नासपैकी छत्तीस. पहिल्यांदा रायफल हातात घेणाऱ्याला छत्तीस म्हणजे काय ते मला विचार. पोलीस ट्रेनिंगला आमच्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी निम्म्या पोरांचं टार्गेट कोरंच परत आलं होतं आणि उस्तादानं सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

तुझ्या टार्गेटच्या फोटोचा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढला. भिंग लावून बघितला. पाचही भोकं एकाखाली एक, पागोळ्यांसारखी. डावी-उजवीकडे काही चूक नाही, जे काही आहे ते वर-खाली. म्हणजे श्वास, बाळ. झोपून मारताना छाती फुगली की नळीचं तोंड खाली जातं, छाती बसली की वर येतं. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, तेवढ्यात मारायचं. नाहीच जमलं तर रायफल गालावरून काढून पुन्हा सुरुवात करायची. घाई कसली? दोन्ही डोळे उघडे ठेवलेस हे मात्र बरं केलंस, ते फोटोत दिसतंय.

त्याच फोटोच्या पुढचा फोटो. तू उभी, मॅचची एअर रायफल हातात, मैत्रिणीकडे बघून हसतेस. हसतेस छान, अगदी माझ्या आईसारखी. पण बोट ट्रिगरवर आहे. नळी फोटो काढणाऱ्याच्या गुडघ्याकडे आहे.

लिहायचं नव्हतं, तरी लिहिलंच.

तू फोनवर म्हणालीस, ‘बाबा, ती एअर रायफल होती, आणि रिकामी होती.’ वरळीला स्पर्धेच्या बंदोबस्ताला असताना मी पाहिलंय, रायफल रिकामी असली की नळीत नारिंगी दोरी घालून ठेवतात, लांबून दिसावी म्हणून. फोटो दोन बोटांनी मोठा करून करून पाहिला. दोरी कुठेच नाही. मग रिकामी हे ठरवलं कोणी? आणि मॅचच्या रायफलचा ट्रिगर आमच्या थ्री नॉट थ्री रायफलीसारखा नसतो. आमचा दोन टप्प्यांत, चांगला जोर लावून दाबावा लागायचा. तिचा म्हणजे पिकलेलं जांभूळ, बोट टेकलं की सुटलं. पॉइंट टू-टूला परवाना लागतो आणि तिला लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. साडेचार मिलिमीटरचा छर्रा डोळ्यात गेला की परवाना होता की नव्हता हे कोणी विचारत नाही.

झालं, लेक्चर सुरू. माफ कर. आई आतून म्हणतेय, ‘पोरगीला शाबासकी लिहा आधी.’ लिहिली ना वर!

खरं तर बोट ट्रिगरवर ठेवायला तुला मीच शिकवलं. माहीमच्या जत्रेत, तू सात वर्षांची. फुगेवाल्याच्या टेबलापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून त्यानं लाकडी खोकं दिलं उभं राहायला. दस्ता मी धरला, तुझं बोट माझ्या हातानं ट्रिगरवर ठेवलं आणि म्हटलं, ‘दाब.’ त्या बंदुकांचे नेम मुद्दाम वाकडे केलेले असतात. दोन फुगे चुकल्यावर तू आपलीआपणच थोडं उजवीकडे धरायला लागलीस आणि पुढचे सात फोडलेस. फुगेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, ‘साहेब, पुरे करा.’ मी ठाण्यात आठवडाभर सांगत होतो. बोट कधी बाहेर ठेवायचं ते मात्र सांगायचं राहिलं.

आता पंख्याची गोष्ट. तुम्ही दोघं लहानपणी रोज मागायचात ती. ड्युटी संपवून हत्यार जमा करताना एका वेंधळ्या शिपायाची गोळी सुटते, छताच्या पंख्याच्या पात्याला भोक पडतं, आणि मग तो पंखा शिट्टी वाजवत फिरतो. तू गाल फुगवून ती शिट्टी वाजवायचीस. २६ नोव्हेंबर २००८ ला मी ड्युटीवर गेलो तो तिसऱ्या दिवशी घरी आलो. तेव्हाही तू दारातच म्हणालीस, ‘बाबा, पंख्याची गोष्ट सांगा.’ आणि बूट न काढता मी सांगितली. आई स्वयंपाकघरात निघून गेली होती, तुला आठवत नसेल.

तो वेंधळा शिपाई मी होतो. १९८९ साल, नोकरीला दीड वर्ष झालेलं. मॅगझिन काढलं आणि रायफल रिकामी झाली असं समजलो. एक राउंड चेंबरमध्ये तसाच होता. बोल्ट मागे ओढून आत बघायला दोन सेकंद लागतात, ते मी घालवले नाहीत, कारण सव्वासहाची लोकल गाठायची होती. नळी वर होती एवढंच काय ते नशीब. नशीब तरी कसलं, उस्तादानं शिव्या घालून घालून लावलेली सवय ती. पाच मिनिटांपूर्वी त्याच पंख्याखाली स्टुलावर चढून एक जण ट्यूबलाइट बदलत होता. त्याला तेव्हा दोन पोरं होती. पंखा शिट्टी वगैरे काही वाजवत नव्हता. ती मी तुमच्यासाठी लावली.

शिक्षा झाली ती झाली. पण त्यानंतर पस्तीस वर्षं मी कुणाच्याही हातात हत्यार दिसलं की आधी चेहरा बघत नाही, बोट बघतो. तुझ्या फोटोतही तसंच झालं. आपली पोरगी किती खुशीत आहे हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

दादा म्हणतो तुला बालेवाडीला जाऊन शिकायचंय. शीक. मी नाही म्हणणार नाही, रविवारीही म्हणालो नव्हतो, तू फोन ठेवलास. कीर्ती कॉलेजच्या एनसीसीत रायफल हातात घेतलेली अंजली वेदपाठक २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या फायनलला गेली, पुढे अंजली भागवत झाली. आणि १ ऑगस्ट २०२४ ला आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटरला ब्राँझ काढलं तेव्हा. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून, तिन्हीत. आईनं रेल्वेतला टीसी म्हणून मजल्यावर पेढे वाटले, जणू तो आपल्या माहेरचा. तू त्या दिवशी ऑफिसातून चारदा फोन केलास स्कोअर विचारायला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पैशांची काळजी करू नकोस. रायफल लगेच विकत घ्यायची नाही, क्लबची वापरायची. आणि पहिल्या दिवशी कोचला विचार, नारिंगी दोरी कुठे मिळते. बघ, पुन्हा तेच.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्या दिवशीच्या शेवटच्या फोटोत तुम्ही कीर्तीजवळ वडापाव खाताय. तिथून घर चालत दहा मिनिटं. आईनं तुझ्यासाठी नव्हे, सहजच, अळूवड्या केल्या होत्या. डेक्कन क्वीन चुकली असती तर चुकली असती.

मी फोनवर ओरडलो असं तू दादाला सांगितलंस. थोडा ओरडलो. बाकीचं असं आहे की आमच्या वेळी फायरिंगला कानात कापूस घालायचाही कुणी आग्रह धरत नसे, आणि उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो. माझा डावा कान आता निम्माच चालतो, म्हणून मी मोठ्यानं बोलतो. पॉइंट टू-टूचा आवाज लहान म्हणून कानावरचं काढून ठेवू नकोस.

प्रिंट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, आईच्या साड्यांच्या बाजूला. हसणारा फोटोसुद्धा लावलाय.

रविवारी फोन कर. मी उजव्या कानाला धरीन.

तुझे,
बाबा