वेम्बलीच्या अरीनात तुमच्यासाठी जागा

हॅरो, लंडन

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर मी इथल्या वेम्बली अरीनातल्या गाण्याच्या कार्यक्रमाचा विषय काढला तेव्हा "हजारो माणसांच्या गर्दीत आम्हा म्हाताऱ्यांची फरफट कशाला, तुम्ही दोघे जाऊन या" असे म्हणून बाबांनी तो तिथेच संपवला आणि आईने लगेच गुडघ्यांचे कारण पुढे केले. मी तेव्हा फारसे बोलले नाही, कारण तुमच्या शंका रास्त आहेत आणि "काही होत नाही हो" एवढ्या उत्तराने त्या फिटणार नाहीत, हे मला कळत होते. म्हणून सविस्तर लिहिते आहे. गेल्या खेपेला आम्ही तिथे गेलो तेव्हा माझे निम्मे लक्ष गाण्याकडे आणि निम्मे पायऱ्यांकडे, कठड्यांकडे, बाहेर पडायच्या वाटांकडे होते. ते सगळे पाहून झाल्यावर तुम्ही जरूर यावे, असे माझे मत झाले आहे.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. आपण ज्या वास्तूत जाणार आहोत तिथेच 1980 च्या मार्चमध्ये प्रकाश पदुकोण यांनी लिएम स्वी किंग यांना हरवून बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांचे नाव ऐकत तुम्ही रॅकेट हातात धरलीत आणि पदुकोणांच्या विजयाच्या बातमीचे कात्रण कपाटात किती वर्षे जपलेत, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. ती स्पर्धा 1957 पासून 1993 पर्यंत याच इमारतीत भरत असे. पुढे 2012 च्या ऑलिंपिकचे बॅडमिंटनही इथेच झाले आणि सायना नेहवालला कांस्यपदक मिळाले तेही इथेच. इमारत मुळात पोहण्याच्या तलावासाठी बांधलेली आहे. 1934 च्या एम्पायर गेम्सकरिता, म्हणजे आजच्या राष्ट्रकुल स्पर्धांकरिता, ती उभी राहिली तेव्हा तिचे नाव एम्पायर पूल होते. 1948 च्या ऑलिंपिकनंतर तलाव वापरात राहिला नाही, आणि बर्फावरचे खेळ, मुष्टियुद्ध, बॅडमिंटन, गाण्याच्या मैफली यांनी ती जागा व्यापली. ओवेन विल्यम्स या अभियंत्याने सुमारे 72 मीटर रुंदीचे काँक्रीटचे छत मध्ये एकही खांब न घेता उभे केले. बांधकाम खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाने ते छत खाली उभे राहून पाहिलेच पाहिजे. प्रेक्षकाचा त्यात फायदा असा, की कुठेही बसले तरी खांब आड येत नाही.

आता आईच्या गुडघ्यांविषयी. सभागृहात साधारण साडेबारा हजार माणसे मावतात, म्हणजे आपल्या मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहाच्या चौपटीहून अधिक. पण सगळ्या जागा सारख्या नाहीत, आणि तुमच्या बाबतीत सारे काही जागेच्या निवडीवर अवलंबून आहे. रंगमंचासमोरची सपाट जमिनीवरची जागा सर्वांत महाग असते आणि तिथे पायऱ्याही नसतात, तरी ती मी घेणार नाही. पहिले ओळखीचे गाणे सुरू झाले की पुढची माणसे उभी राहतात आणि बसलेल्या माणसाला त्यांच्या पाठींखेरीज काही दिसत नाही. आईने दोन तास उभे राहायचे किंवा पाठी पाहायच्या, यांतले काहीच मला मान्य नाही. दोन्ही बाजूंच्या चढत्या रांगांमधून चांगले दिसते, कारण पुढची रांग खाली असते. मात्र वरच्या रांगांकडे जाणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत आणि दिवे मालवल्यावर त्यांच्या कडा नीट दिसत नाहीत.

त्या दिवशी आमच्या बाजूच्या वाटेने एक गुजराती आजी वर येत होत्या. साडीवर लोकरीचे जाकीट होते, एक हात मुलाच्या खांद्यावर होता, आणि प्रत्येक पायरीवर त्या आधी पावलाने चाचपून मगच भार टाकत होत्या. कार्यक्रम सुरू झालेला होता. तिथला एक तरुण कर्मचारी दोन पायऱ्या खाली उतरला, वाकला आणि त्याने हातातल्या टॉर्चचा झोत आजींच्या तोंडावर किंवा पुढच्या वाटेवर न टाकता नेमका त्यांच्या पावलांपुढच्या कडेवर धरला. त्या एक पायरी चढल्या की तो झोत एक पायरी वर सरकवायचा. आजी खुर्चीवर टेकेपर्यंत त्याने घाई केली नाही आणि मागे खोळंबलेल्या लोकांनाही करू दिली नाही. ते पाहताना मला तुमची फार आठवण आली आणि तुम्हाला इथे आणायचे, हे मी तिथेच ठरवून टाकले.

तरीही टॉर्चवर विसंबून राहण्याचे कारण नाही. ज्यांना पायऱ्या चढणे जमत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या जागा असतात, त्या आगाऊ मागाव्या लागतात, आणि आवश्यक कागद दाखवल्यास सोबतच्या माणसाचे तिकीट विनामूल्य देण्याची पद्धत इथल्या बहुतेक मोठ्या सभागृहांत आहे. आई, ही सवलत घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. इथे काठी टेकत, चाकांच्या खुर्चीतून, ऑक्सिजनची नळी लावूनसुद्धा माणसे गाणे ऐकायला येतात आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. आपल्याकडे माणूस थकला की त्याने घरी बसावे, असे आपणच ठरवून टाकतो, आणि तुम्ही दोघांनी तर ते स्वतःपुरते फार लवकर ठरवले आहे. मला त्याचे वाईट वाटते.

जाण्यायेण्याचे अवघड नाही. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनने वेम्बली पार्कला अगदी थोड्या वेळात पोहोचतो आणि दोन्ही स्थानकांवर लिफ्ट आहे. तिथून ऑलिंपिक वे हा पायी चालणाऱ्यांचा रुंद रस्ता थेट स्टेडियमकडे जातो. अरीनापर्यंत साधारण दहा मिनिटांचे चालणे आहे, आपण वीस धरून चालू. आम्ही दरवाजे उघडण्याच्या सुमारास पोहोचत असल्याने रेटारेटी अशी वाट्याला येत नाही. एक काळजी मात्र मी घेतली आहे. शेजारच्या स्टेडियमात नव्वद हजार माणसे मावतात, आणि तिथे त्याच दिवशी फुटबॉलचा सामना असेल तर सगळा परिसर फुलून जातो, गाडी लावायलाही मज्जाव असतो. तसा दिवस मी निवडणारच नाही.

कार्यक्रम संपल्यावर लगेच उठायचे नाही. सगळे एकाच वेळी दाराकडे धावतात आणि नंतर स्टेशनाच्या रांगेत थांबतात. आपण खुर्चीतच बसून राहू, गर्दी ओसरली की निघू.

आईची मोठी पिशवी तेवढी घरी ठेवावी लागेल. ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत आणि दारावर प्रत्येकाची तपासणी होते. बाहेरचे खाणे चालत नाही, म्हणून आपण आधी वेम्बलीतल्याच ईलिंग रोडवर जेवून घेऊ. तिथे दुतर्फा गुजराती दुकाने आहेत, जेवण सात्त्विक मिळते आणि आईला हवी तशी ताजी भाजीही. आईच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र बरोबर हव्यातच, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवू. आवाज मोठा असतो, हे मी लपवणार नाही. ढोलकी आणि बास सुरू झाला की खुर्चीच्या हातालाही हादरे जाणवतात. मी कानात घालायचे बोळे घेऊन ठेवले आहेत, ते घातले तरी गाणे स्वच्छ ऐकू येते. आईला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातला छोटा कार्यक्रम अधिक रुचेल, हे मला माहीत आहे. 1932 साली स्थापन झालेल्या त्या मंडळातही आपण जाऊच. पण आई, ज्यांची गाणी तू ओट्याशी उभी राहून इतकी वर्षे गुणगुणत आलीस, त्यांना समोर बसून ऐकण्याचा योग पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. मला तुझ्या शेजारी बसून ती ऐकायची आहेत.

तेव्हा आता एवढेच करा. आईच्या गुडघ्यांविषयी आणि साखरेच्या औषधांविषयी डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या, त्यात औषधांची नावे स्पष्ट लिहून घ्या आणि त्याचा फोटो मला या आठवड्यात पाठवा, म्हणजे वेगळ्या जागांची मागणी मला वेळेत नोंदवता येईल. आईला उजवा पाय लांब करता यावा म्हणून वाटेच्या कुठल्या बाजूची खुर्ची मागू, तेही कळवा. बाबांची जागा मी तिच्या शेजारीच मागते आहे.

तुमची लेक