माझी चूक स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या थोरलीएवढ्या. तरी मी तुम्हाला अहो-जाहोच करणार. त्याचं कारण दिवाळीनंतरचा तो शनिवार.

पण आधी मागच्या मंडळींबद्दल थोडं बोलतो, पोटात राहिलंय. नाव घेत नाही. आमच्या वाचनालयाचं संगणकीकरण त्यांनी केलं आणि सगळा कारभार एका कॉम्प्युटरला आणि त्याच्या पाठीत खुपसलेल्या एका डोंगलला (ही सॉफ्टवेअरची किल्ली, ती नसेल तर ते उघडतच नाही) बांधून टाकला. डोंगल हरवलं तर पैसे पुन्हा भरा. दरवर्षी देखभालीचं बिल मात्र पाडव्याच्या आधी हजर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा मी तो डबा शालीत गुंडाळून माडीवर नेला होता. घरातला टीव्ही राहिला खालीच, अजून बायको ऐकवते. पूर ओसरल्यावर त्यांना फोन केला तर म्हणाले, "बॅकअप तुमचा तुम्ही घ्यायचा असतो."

मग एकजण प्रोजेक्टर घेऊन आले. दोन तास क्लाउड क्लाउड केलं, भडंग खाल्लं, चहा घेतला आणि गेले. मी माझा गेलो पुन्हा दाखल रजिस्टरकडे.

तुम्ही आलात तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, खोटं कशाला बोलू. ब्राउझरमध्ये उघडणारं, कोहा नावाचं वाचनालयाचं सॉफ्टवेअर, फुकटचं म्हणे! फुकटात काय मिळतं ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही वाद घातला नाहीत. न्यूझीलंडमधल्या छोट्या गावांच्या ग्रंथालयांनी जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच बंद पडेल या धास्तीनं हे करून घेतलं आणि मग सगळ्यांना वापरायला मोकळं सोडलं, एवढं सांगितलंत. 'कोहा' म्हणजे तिथल्या माओरी भाषेत भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली. मी म्हटलं, म्हणजे आहेरच की. तुम्ही हसलात आणि ते वहीत लिहून घेतलंत.

जुनी माहिती नव्यात ओतल्यावर आमच्या कपाटांचं काय झालं होतं! जुना फाँट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्या कळणाऱ्या अक्षरांत नव्हता, म्हणून 'कविता'ची 'किवता' झाली, 'सर्व'चं 'सवर्'. वेलांटी पुढच्याच्या डोक्यावर, रफार मागच्या बाकावर. त्या दुरुस्तीत तुमचे किती दिवस गेले ते मी मोजलेत, पण इथं लिहीत नाही. तुम्हाला आवडायचं नाही.

तर तो शनिवार. दिवाळी अंकांची झुंबड, देवघेवीला सात-आठजण उभे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकाचं झालं की पडदा आपोआप कोरा व्हायचा. इथं आधीच्या सभासदाचं पान तसंच उघडं राहतं, हे मी विसरलो आणि एका बाईंचा पाककृतींचा अंक निवृत्त हेडमास्तरांच्या नावावर चढवला. सर भडकले. "झेपत नसेल तर रजिस्टर काढा की!" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तेहेतीस वर्षं त्या काउंटरवर बसलोय, पण कान असे कधी तापले नव्हते.

तुम्ही कपाटामागून आलात आणि म्हणालात, "सर, चूक माझी. पान मोकळं करायचं मी काकांना सांगितलंच नव्हतं."

तीनदा सांगितलं होतं तुम्ही. तुमच्या अक्षरातली चिठ्ठी मॉनिटरला खाली चिकटलेली होती, सर वाकले असते तर त्यांनाही दिसली असती.

गर्दी पांगल्यावर तरी बोलाल असं वाटलं. नाही बोललात. चिठ्ठी खालून अलगद सोडवलीत आणि वर, माझ्या चष्म्याच्या रेषेत लावलीत. मग विचारलंत, "काका, चहा सांगू?"

हुशार माणसं मी खूप बघितली, वाचनालयात त्यांना तोटा नाही. पण दुसऱ्याची लाज झाकायला स्वतः पुढे होणारी फार थोडी. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

आता हात बसलाय. आल्ट-यू दाबलं की देवघेव, आल्ट-आर दाबलं की जमा, माऊस नुसता पडून असतो. परवा हेडमास्तरांनीच घरून मोबाइलवर पुस्तक शोधलं आणि आत आहे म्हणून घ्यायला आले. मी काही बोललो नाही. पान मात्र दोनदा मोकळं केलं.

तुमचं सभासद कार्ड करून ठेवलंय. अनामत मी भरली, वर्गणी तुम्ही भरा, नियम आहे. पुस्तक वेळेत आणा. दंड माफ कसा करायचा, तेवढं तुम्ही मला शिकवलेलं नाही.

आपला,
देवघेव काउंटरवरचा काका,
सांगली