सूचना : नवख्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना

मंडळी, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची फोटोसह सरकारी नोंद, सुरू आहे. आपल्या ग्रुपवर 'फोटो जात नाही' हा प्रश्न रोज येणारच. 'वर सांगितलंय, वाचा' म्हणून कोणाला परतवू नका. आधी विचारा, शेतातच उभे आहात ना, लोकेशन चालू आहे का, स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं? मग एकावेळी एकच पायरी सांगा. तुरीच्या धुऱ्यावर उन्हात उभ्या माणसाला पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज कामाचा नाही. खात्री नसेल तर अंदाजे सांगूच नका. चुकलेली नोंद ४८ तासांत एकदाच दुरुस्त करता येते. कोणी ओटीपी किंवा आधारचा फोटो टाकला तर रागावू नका, लगेच डिलीट करायला लावा. काम जमलं की कशानं जमलं ते विचारणाऱ्यानं इथंच लिहावं.